बी रांग, अकरा नंबर

काकू पाठमोऱ्या असताना कधी बोलल्या नाहीत. कढईत फोडणी तडतडत असली आणि मला काही सांगायचं असलं, तर त्या गॅस बारीक करायच्या, वळायच्या, दोन पावलं पुढे यायच्या, माझं लक्ष आहे ना ते बघायच्या आणि मग म्हणायच्या, "मीठ संपलंय." मुलुंड पूर्वेला त्यांच्या दोन खोल्यांपैकी एक मी भाड्याने घेतली, तेव्हा पहिल्या आठवड्यात वाटलं की बाई जरा सरकलेली आहे. दुसऱ्या आठवड्यात खात्रीच झाली. अंधारात बोललेलं त्यांना चालायचं नाही. लाइट गेले की आमच्या गप्पा बंद, ते थेट मेणबत्ती सापडेपर्यंत.

नंतर कळलं की घाटकोपरच्या एका कर्णबधिर मुलांच्या शाळेत त्यांनी सगळी नोकरी काढली होती. मुलांना ओठ वाचायला शिकवायचं, त्यामुळे स्वतःचे ओठ कायम स्वच्छ ठेवायचे. प, ब आणि म ओठांवर सारखेच दिसतात, मग डोळ्यांनी फरक सांगायचा, असं त्यांनी मला एकदा मटार सोलता सोलता करून दाखवलं होतं. रिटायर होऊन दहा वर्षं झाली तरी ती सवय गेली नव्हती. वॉचमनशीसुद्धा त्या तशाच बोलायच्या, आणि तो बिचारा दोन पावलं मागे सरकायचा.

या काकूंच्या आयुष्यात एक नटी होती. तिचं नाव त्या घेत नसत, 'आपली' म्हणायच्या. "आपलीचा रविवारी बोरिवलीला चारचा आहे." मला आधी वाटलं, बहीणबिहीण असेल, चारचा चहा असेल. मग एका शनिवारी त्यांनी माझ्या हातात तिकीट ठेवलं आणि म्हणाल्या, "माझ्या शेजारी बस. कुणी अनोळखी बसलं की मला धाकधूक होते."

आणि खरंच सांगते, अशी घाबरट चाहती मी दुसरी पाहिली नाही. लोक आवडत्या नटीला बघायला जातात आणि खूश होऊन येतात. काकू जायच्या त्या जीव मुठीत धरून. पडदा उघडला की आधी सेटवरचा जिना बघायच्या. "कठडा नाहीये गं. साडीत पाय अडकला तर?" पर्समध्ये ज्येष्ठमधाच्या काड्या असायच्या. मागच्या रांगेत कुणी खोकलं की काकू वळून एक काडी त्याच्या हातात द्यायच्या, बोलायचं नाही, नुसतं बघायचं. मोठमोठे बाप्ये मुकाट काडी चघळत बसलेले मी पाहिलेत. सिनेमात आपली तीनदा मेली, आणि काकूंनी ती तिन्ही मरणं बाहेर पॅसेजमध्ये उभं राहून काढली. आत जाऊन नंतर शेजारच्याला विचारायचं, "झालं का?"

मात्र रंगपटात त्या कधी गेल्या नाहीत. आमच्या चाहत्यांचा एक ग्रुप होता, बोरिवलीचे एक रिटायर्ड इंजिनीअर त्याचे अ‍ॅडमिन. ते मध्यंतरात न चुकता आत जाऊन सेल्फी काढायचे आणि अंक सुरू व्हायच्या आत ग्रुपवर टाकायचे. काकूंना ते दर वेळी म्हणायचे, "चला हो, ओळख करून देतो, किती वर्षं बाहेर बसणार?" काकू मान हलवायच्या. मला एकदा म्हणाल्या, "तिनं मला जवळून पाहिलं ना, तर माझी भीती तिला लागेल. त्यापेक्षा लांबच बरं."

त्यांची जागा ठरलेली, बी रांग, अकरा नंबर. पहिल्या रांगेत मान वर करावी लागते आणि तिसऱ्या रांगेपर्यंत स्टेजचा उजेड पोचत नाही, हे त्यांचं म्हणणं. तिकिटांचा प्लॅन उघडायचा त्या दिवशी सकाळी सातला, डब्यात पोहे घेऊन, त्या खिडकीशी उभ्या. मी म्हटलं, "अहो, मोबाइलवर दोन मिनिटांचं काम आहे." तर म्हणाल्या, "मोबाइलला खुर्ची दिसते का?" मोबाइलला खरंच दिसत नव्हती. एकदा मी तिकडून काढलेली अकरा नंबर नेमकी खांबाआड निघाली आणि काकू आठवडाभर माझ्याशी मोजून बोलल्या.

तिथे बसून त्या आपलीची सगळी वाक्यं तिच्याबरोबर म्हणायच्या. आवाज अजिबात नाही, फक्त ओठ. नाटक कुठलंही असो, चार प्रयोगांत त्यांचं पाठ. आपलीचंच नव्हे, सगळ्यांचं. शेजारी बसून मला दोन्हीकडे बघायची सवय लागली. डोळे स्टेजवर आणि कोपऱ्यातून काकूंचं तोंड. हळूहळू मला त्यांचे ओठ वाचताही यायला लागले.

धोका आहे हे काकूंना पहिल्यांदा कळलं ते सिरियलवरून. आपली एका सिरियलमध्ये खाष्ट सासू होती, रोज रात्री आठला. एके दिवशी त्या सासूला झटका आला आणि ती पलंगावर पडली. नुसती डोळे मिचकावायची. चार दिवस झाले, आठ दिवस झाले, सासू उठेना. काकूंनी टीव्हीचा आवाज बंद केला, वळल्या, माझ्यासमोर आल्या आणि म्हणाल्या, "तिला वाक्यं देत नाहीत आता."

मी म्हटलं, "काहीतरीच काय. स्टोरी असते ती."

"आधी वाक्यं लांब होती. मग अर्धी झाली. मग 'हो' आणि 'नाही'. आता पलंग." त्या खाली बसल्या. "शाळेत माझा एक मुलगा असाच हळूहळू कमी बोलायला लागला होता. आम्हाला वाटलं, रुसलाय."

त्या दिवशी मी हसून विषय टाळला. पण रात्रभर मला झोप लागली नाही.

तेव्हा आपलीचं जुनं नाटक पुन्हा आलं होतं. तीसेक वर्षांपूर्वी तिनं त्यात दोन वेण्या घालून मुलीचं काम केलं होतं, घर सोडून निघून जाणारी मुलगी. आता तीच आई झाली होती आणि मुलगी एक नवी पोरगी होती, चुणचुणीत. शेवटच्या प्रवेशात मुलगी बॅग घेऊन उभी राहते आणि म्हणते, "आई, मी निघाले. अडवायचं असेल तर आत्ता अडव. नंतर हाका मारू नकोस." आई खुर्चीतून उठत नाही. म्हणते, "नाही अडवत. छत्री घेऊन जा." मुलगी जाते आणि आई एकटीच बोलत राहते, चांगलं दोन पानांचं स्वगत. मग पडदा. त्या छत्रीला अख्खं थिएटर डोळे पुसायचं.

अंधेरीच्या एका प्रयोगात मुलगी निघून गेली, स्वगत सुरू झालं, आणि मध्येच आपली थांबली. मागे कुणीतरी पुटपुटलं, "काय पॉज घेतलाय." अ‍ॅडमिनसाहेबांनी तर मान डोलावली. काकूंनी माझं मनगट धरलं, नखं रुतली. त्यांचे ओठ पुढे जात होते, स्वतःच्या सवयीने, आणि आपलीची नजर प्रेक्षकांवरून फिरत फिरत आमच्या रांगेवर आली आणि थांबली. मला वाटलं, माझ्याकडेच बघतेय. ती काकूंच्या तोंडाकडे बघत होती. मग तिनं वाक्य उचललं आणि गाडी पुढे गेली. सगळं मिळून सात-आठ सेकंद. मनगटावर मात्र चार दिवस खुणा होत्या.

त्यानंतर दर प्रयोगाला ती नजर यायला लागली. कधी एकदा, कधी तीनदा. विंगेत प्रॉम्प्टर आजकाल कोण ठेवतं, आणि तिनं मागितला असता तर दुसऱ्या दिवशी बातमी झाली असती, तिसऱ्या दिवशी आईच्या कामाला दुसरी बाई. हे काकूंनाही कळत होतं आणि आपलीलाही कळत असणार. त्या दोघी एकमेकींशी आयुष्यात एक शब्द बोलल्या नव्हत्या.

काकूंनी लिपस्टिक घेतली ती तेव्हा. वयाच्या एकोणसत्तराव्या वर्षी, पहिलीच. स्टेशनजवळच्या दुकानात मला घेऊन गेल्या आणि पोरीला म्हणाल्या, "लांबून दिसेल अशी गडद दाखव." बिल्डिंगमध्ये कुजबुज सुरू झाली. तळमजल्यावरच्या बाईंनी मला जिन्यात गाठून विचारलं, "काकूंचं काही जमतंय का गं?" मी सांगितलं, हो, मुलाकडच्यांना पसंत आहेत. महिनाभर ते पुरलं त्यांना.

घरात मात्र हसू येत नव्हतं. प्रयोग असला की काकू आदल्या दिवसापासून थंड काही प्यायच्या नाहीत, मोठ्याने बोलायच्या नाहीत. डम्पिंग ग्राउंडच्या बाजूने वारा सुटला की खिडक्या धडाधड बंद, घसा बसेल म्हणून. मी म्हटलं, "काकू, तुम्हाला आवाज कुठे काढायचाय?" तर म्हणाल्या, "खोकला आला तर ओठ हलतात." रात्री जेवताना मला समोर बसवून सगळं नाटक म्हणायच्या, मी मुलगी आणि त्या आई. संहिता आमच्याकडे नव्हती, ती कुठे छापलेलीच नव्हती. ती फक्त काकूंच्या डोक्यात होती. मी एकदा म्हटलं, "लिहून ठेवू या का?" काकू दुखावल्या. "का? माझ्यावर भरवसा नाही?" मी विषय सोडला. तिथे मी चुकले, आजही वाटतं.

आता बोरिवलीचं सांगते. रविवार, चारचा. हाउसफुल्ल. शेवटचा प्रवेश आला, पोरगी बॅग घेऊन उभी राहिली, तिनं तिचं वाक्य म्हटलं, "नंतर हाका मारू नकोस." आता छत्री. आपली खुर्चीत बसलेली, डोळे कोरे. नजर आमच्या रांगेवर आली. मी सवयीने काकूंकडे पाहिलं. काकूंचे ओठ हलले, गडद आणि स्वच्छ, आणि ते शब्द छत्रीचे नव्हते.

आपली खुर्चीतून उठली आणि मोठ्याने म्हणाली, "आई, मी निघाले. अडवायचं असेल तर आत्ता अडव."

ती पोरगी समोर बॅग धरून उभी. तिचंच वाक्य म्हातारी आई तिला म्हणत होती. काकू पुढचं सांगत होत्या, आपली उचलत होती, "नंतर हाका मारू नकोस." त्या पोरीचं मी आयुष्यभर कौतुक करीन. तिनं बॅग खाली ठेवली, आपलीच्या जवळ गेली, तिच्या गालाला हात लावला आणि म्हणाली, "नाही अडवत. छत्री घेऊन जा." आणि विंगेतल्या माणसाला अक्कल सुचली, त्यानं पडदा टाकला. टाळ्या थांबेनात. रस्त्याला लागायच्या आत ग्रुपवर अ‍ॅडमिनसाहेबांचा मेसेज आला, 'भूमिकांची अदलाबदल! काय धाडसी प्रयोग!! कडक!!!'

आम्ही कॅब केली. ड्रायव्हरनं गाडी आरेच्या जंगलातून घातली. सात वाजत आले होते, झाडांखाली अंधारलं होतं, आणि तो आपला सांगत होता की गेल्याच आठवड्यात इथे बिबट्या बघितला. एरवी मी घाबरले असते. काकू शांत बसल्या होत्या, किती दिवसांनी अशा शांत. मी आतला दिवा लावायला सांगितला, त्यांच्याकडे वळले आणि विचारलं, "काकू, आज काय झालं?"

"झकास झालं," त्या म्हणाल्या. हा शब्द त्यांच्या तोंडी मी कधी ऐकला नव्हता. "आपली किती लहान दिसत होती ना आज? दोन वेण्या शोभतात तिला." मग जरा विचार करून म्हणाल्या, "ती आई कोण झाली होती गं? काम चांगलं करते, पण वयानं फार लहान वाटते."

मी ड्रायव्हरला दिवा बंद करायला सांगितलं. मला त्यांचं तोंड बघवेना.

इतके दिवस मी एका बाईसाठी घाबरत होते, ती दुसरीच निघाली. मग मागचं सगळं आठवायला लागलं. मीठ संपलंय हे काकूंनी त्या महिन्यात चारदा सांगितलं होतं, आणि चारही पुड्या फळीवर होत्या. मी मनात म्हटलं होतं, वय झालं, चालायचंच. नाशिकला त्यांच्या भाचीला फोन केला, डॉक्टरची पुढच्या बुधवारची वेळ घेतली. पण मध्ये रविवार होता आणि रविवारी मुलुंडलाच प्रयोग होता.

तो आठवडा मी पाठांतर केलं. ऑफिसात, बाथरूममध्ये, बँकेच्या लाइनीत. इतक्या प्रयोगांत माझ्या डोक्यात जे उरलं होतं ते एका वहीत लिहून काढलं. संवाद बहुतेक सगळे आले. स्वगताची पहिली सहा वाक्यं आली आणि तिथे संपलं. काकूंना विचारायची सोय नव्हती, कारण आता त्या कधी आईचं वाक्य सांगायच्या, कधी मुलीचं, आणि दोन्ही तितक्याच खात्रीने. शनिवारी मी म्हटलं, "उद्या घरीच राहू या का?" त्या माझ्यासमोर आल्या आणि म्हणाल्या, "आणि तिला मी दिसले नाही तर?" दुसऱ्या दिवशी दुपारी एक वाजल्यापासून लिपस्टिक लावून दाराशी बसल्या होत्या. निघताना मीही त्यांचीच लिपस्टिक लावली. सवय नव्हती, दोनदा पुसून पुन्हा लावली.

काकू अकरावर, मी बारावर. पहिला अंक निभावला. मध्यंतरात मी वही काढून स्वगताची सहा वाक्यं पुन्हा वाचली. दुसऱ्यात आपलीची नजर दोनदा आली, दोनदा मी काकूंच्या आधी ओठ हलवले, आणि दुसऱ्या वेळी ती नजर अकरावरून बारावर सरकलेली मला स्पष्ट दिसली. असं वाटलं की कुणीतरी माझ्या हातात तान्हं मूल दिलंय आणि निघून गेलंय.

शेवटचा प्रवेश. "नंतर हाका मारू नकोस." मी ओठांनी म्हटलं, नाही अडवत, छत्री घेऊन जा. तिनं म्हटलं. पोरगी गेली. स्टेजवर आपली एकटी, खुर्चीत, आणि तिची नजर आता माझ्यावरून हलेचना. पहिलं वाक्य दिलं. दुसरं. तिसऱ्याला मला बाजूला काहीतरी जाणवलं. काकू स्टेजकडे बघत नव्हत्या. इतक्या वर्षांत पहिल्यांदा त्यांनी आपलीकडे पाठ फिरवली होती आणि त्या माझ्या तोंडाकडे बघत होत्या, माझ्यामागून ओठ हलवत.

चौथं. पाचवं. सहावं. मला पुढे काहीच येत नव्हतं. मी काकूंकडे वळले, आणि माझं थांबलेलं तोंड बघून त्यांच्या डोक्यात कुठलीतरी खिडकी उघडली असावी, कारण त्यांनी सातवं वाक्य मला दिलं. बरोबर होतं. मी ते आपलीला दिलं. आठवं. नववं मुलीचं होतं, ते मी गिळलं, थांबले, काकूंनी दुसरं दिलं, ते पुढे पाठवलं. दर वाक्याला मला एका क्षणात ठरवायचं होतं की हे आईचं की मुलीचं. लोक समजत होते, बाई पॉज घेतेय.

मग काकूंचे ओठ थांबले. त्यांनी माझ्याकडे जरा निरखून बघितलं, अनोळखी माणसाकडे बघतात तसं, आणि ओठांनी विचारलं, "मी घरी कधी जायचं?"

ते नाटकात नव्हतं. आईचं नव्हतं, मुलीचंही नव्हतं. पण हे कळायच्या आत मी आपलीकडे वळले होते आणि माझे ओठ हलले होते.

आपलीनं ते वाचलं. मग खुर्चीचे हात धरून, समोरच्या अंधाराकडे बघत, हळू आवाजात म्हणाली, "मी घरी कधी जायचं?"

पडदा पडला. टाळ्या वाजल्या त्या किती वेळ वाजत राहिल्या मला माहीत नाही. तो त्या नाटकाचा शेवटचा प्रयोग ठरला. आठवड्याभरात आपलीनं स्वतःच जाहीर केलं की आता विश्रांती घेणार, आणि पेपरांनी मोठाले फोटो छापून तिला मानानं निरोप दिला. ती विसरत होती हे कुठेच आलं नाही. काकू आता नाशिकला भाचीकडे असतात. व्हिडिओ कॉलवर त्या माझ्या ओठांकडे बघत राहतात, माझं नाव मात्र घेत नाहीत.

पण त्या दिवशी थिएटरातले दिवे लागले, लोक उठायला लागले, आणि काकूंनी माझं मनगट धरून परत विचारलं, आता आवाजात, "मी घरी कधी जायचं?"

मी त्यांच्याकडे पूर्ण वळले. उजेड तोंडावर आहे ना ते बघितलं. आणि त्यांनीच शिकवलं होतं तसं, एकेक अक्षर ओठांवर आणून म्हटलं, "आत्ताच जाऊ. मी आहे बरोबर."

त्यांनी ते माझ्यामागून ओठांनी म्हटलं, आवाज न काढता, आणि मग पुन्हा एकदा म्हटलं.